गावाची सक्ती चालते का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या गावात अठरा वर्षांनी महालक्ष्मीची यात्रा भरणार आहे, म्हणून मंगळवार-शुक्रवार वार पाळणूक सुरू आहे. त्या दिवशी शेतात कुणी जायचं नाही, असा नियम. तो मोडला म्हणून माझ्या चुलतभावाला गेल्या महिन्यात दंड झाला. दंड ठरवणाऱ्या पंचांत मीही बसलो होतो, म्हणून हे पत्र.

भात निघाल्यावर त्याच रानात त्यानं मसूर केला होता. शेंगा वाळून खडखडत होत्या. शुक्रवारी सकाळपासून आभाळ भरून आलं. भिजला तर मसूर काळा पडतो, मग अडत्याच्या दारात त्याला कोण विचारतो? नवरा-बायको दोघांनीच जाऊन तो उपटला आणि ताडपत्रीखाली झाकला. संध्याकाळी देवळासमोर बोलावणं आलं. एक हजार एक रुपये आणि पाच नारळ. भाऊ एक शब्द बोलला नाही, पैसे ठेवून उठला. त्या रात्री पाऊस काही आला नाही. आला असता तर आम्हीच त्याला शहाणा म्हटलं असतं, असं आपलं मला वाटतं. पुढचे पंधरा दिवस त्याच्याकडं पैऱ्याला, म्हणजे एकमेकांच्या रानात कामाची फेड करायला, कुणी फिरकलं नाही. तसं कुणी ठरवलं नव्हतं, पण प्रत्येकाला त्या दिवशी दुसरं काम निघायचं.

वार पाळण्याला माझा विरोध नाही. बैलांना विसावा मिळतो, बायकांना रानातून एक दिवस सुट्टी मिळते, आणि सगळा गाव एकदम घरी असला की भांडणंसुद्धा मिटतात. मी स्वतः पाळतो. अडचण दंडाची आहे.

१९५६ साली १ नोव्हेंबरला आम्हा मराठी माणसांचं बेळगाव कन्नड राज्यात घातलं, म्हणून दरवर्षी त्या दिवशी मी काळी फीत लावून निषेधाच्या सायकल फेरीत जातो. १ जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर फूल वाहतो. १९८६ साली माणसं गेली ती कन्नड सक्तीविरुद्ध. कन्नड लोक राज्यात संख्येनं जास्त म्हणून त्यांचंच खरं का, हा आमचा १९५६ पासूनचा सवाल. भाषा, लिपी, संस्कृती जपायचा हक्क देणारं घटनेचं २९वं कलम आमच्या पोरांना पाठ आहे. आणि देवळासमोर मी काय म्हणालो? ‘सगळा गाव पाळतो, तुला एकट्याला काय झालं?’ हेच वाक्य मी सरकारी कचेरीत कन्नडमधून ऐकलंय. तेव्हा माझं डोकं फिरलं होतं.

यावर उत्तर ठरलेलं असतं : एकी मोडेल. एकीची किंमत मला कळते. २०१३ ला महाराष्ट्रात जायचं म्हणून लढणाऱ्या आमच्या महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते, २०१८ आणि २०२३ ला एकही नाही. पण त्या जागा काय कुणी शुक्रवारी मसूर उपटला म्हणून गेल्या? मुलाला कन्नड शाळेत घालणाऱ्याला आम्ही फितूर म्हणतो, यात्रेची पट्टी कमी दिली तर त्याचं नाव स्पीकरवरून पुकारतो. असली माणसं भिऊन गप्प बसतात आणि आम्ही त्याला एकी म्हणतो.

गावानं घातलेलं बंधन गावाला काढता येतं. इथून जवळच, शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवांच्या बांगड्या फोडायची, कुंकू पुसायची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्या मानानं आमचा विषय किरकोळ. वार ज्याला पाळायचा त्यानं पाळावा, दंड तेवढा काढावा आणि भावाचे पैसे परत द्यावेत. नारळ देवीला गेले, ते राहू देत.

येत्या रविवारी पंचांची बैठक आहे. एकानं आधीच सांगितलंय, ‘यात्रा होऊ दे, मग बघू.’ पण यात्रा झाल्यावर वारही नाही आणि दंडही नाही, मग बघायचं काय? पत्र तोवर छापून आलं तर कात्रण घेऊन जाईन, नाहीतर ही नक्कल आहेच.

आपला,
एक शेतकरी वाचक,
ता. जि. बेळगाव