मशीन नंतर घे, आधी शेत शोध

प्रिय संज्या,

जुनी नाणी शोधायच्या मेटल डिटेक्टरच्या तुझ्या तिन्ही लिंक बघितल्या. फोनवर सांगायला बसलो तर तुझा लंच ब्रेक संपेल म्हणून लिहूनच काढतोय, रात्री निवांत वाच. बाराशे पौंडाचं मशीन? पहिलंच? वहिनींना विचारलंस का नुसतंच कार्टमध्ये टाकून ठेवलंयस?

तुला रामकुंड आठवतं ना, सुतळीला लोहचुंबक बांधून पाण्यात सोडायचो, स्टीलचे चार आणे आठ आणे टपकन चिकटून वर यायचे आणि तो जुना तांबं-निकेलच्या मिश्रणाचा जाड रुपया तळाला स्वच्छ दिसत असून हलायचा पण नाही, मग आपण चुंबकाला शिव्या घालायचो. इथे बरोबर उलटं आहे बघ. तेव्हा जे चिकटायचं ते लोखंड इथे टाळायचं असतं, आणि चांदी, तांबं, सोनं, जे कधीच चिकटलं नसतं, ते हवं असतं. मशीनच्या खालची जी गोल थाळी असते ना, कॉइल, ती जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने खालच्या धातूत वीज फिरायला लागते, ती वीज आपलं उलटं क्षेत्र बनवते आणि ते किती उशिरा परत येतं त्यावरून मशीन आकडा दाखवतं. लोखंडाचा आकडा खाली, तांब्याचांदीचा वर. गंमत म्हणजे इथली, इंग्लंडातली, 1992 नंतरची पेनी आतून स्टीलची आहे, वर नुसता तांब्याचा मुलामा, म्हणजे ती रामकुंडावर आपल्या चुंबकाला नक्की चिकटली असती.

आता खरा घोळ. वर चांदी आणि खाली लोखंड एवढंच असतं तर कुणीही करोडपती झालं असतं. मधल्या आकड्यांत चॉकलेटची चांदी, कोल्ड्रिंकच्या कॅनची रिंग, बारीक सोन्याची अंगठी आणि मध्ययुगातली पातळ चांदीची नाणी सगळी एकाच पंगतीत बसलेली असतात. मी पहिले चार महिने 'कॉइन' मोड लावून फिरलो, म्हणजे मधलं सगळं गप्प, फक्त वरच्या आकड्याला आवाज, आणि स्वतःला फार हुशार समजत होतो, व्हिक्टोरियाच्या चारदोन पेन्या पण सापडल्या. मग एका रविवारी आमच्या क्लबातले एक आजोबा, मशीन माझ्यापेक्षा जुनं, मी नुकत्याच चाललेल्या पट्ट्यावरून माझ्या मागे सावकाश चालत आले आणि मध्येच थांबले. मला हेडफोन दिले. ऐकलं तर एक बारीकसा, घशात अडकल्यासारखा आवाज, एका बाजूने येतोय, दुसऱ्या बाजूने नाही. मी म्हटलं कचरा आहे. ते काहीच बोलले नाहीत, गुडघ्यावर बसले, चौकोनी ढेकूळ कापून उलटं केलं, बोटाने माती चुरडली आणि तळहातावर करंगळीच्या नखाएवढा काळपट तिकोनी तुकडा ठेवला. लाँग क्रॉस पेनीचा पाव भाग. 1247 पासून इथे नाण्याच्या मागे काठापर्यंत जाणारा क्रॉस असायचा, आणि सुट्टे नसले की लोक नाणंच त्या रेषेवर कापून अर्धं नाहीतर पाव करायचे. अख्खी पेनीच दीड ग्रॅमच्या आतली, त्याचा पाव म्हणजे किती ते बघ. माझ्या मशीनने तो आवाज मला ऐकूच दिला नव्हता, कारण मीच तसं सांगून ठेवलं होतं.

म्हणून खोलीचे आकडे बघून मशीन घेऊ नको. 'इतके इंच खोल' वगैरे जाहिरातीत असतं त्याचा नांगरलेल्या शेतात फारसा उपयोग नाही, नाणी बहुतेक सहाआठ इंचात असतात आणि नांगराच्या थराखाली खणायचं पण नसतं, तो नियमच समज. मोठी कॉइल खोल बघते हे खरं, पण खिळ्याशेजारी पडलेलं नाणं तिला वेगळं दिसत नाही. एका आवाजातून दुसऱ्या आवाजाकडे मशीन किती पटकन सावरतं ते बघ, ऐकायला कसं वाटतं ते बघ, आणि वजन बघ, कारण सहा तास हातात धरून झुलवायचंय ते, तुझा खांदा कसा आहे मला माहितीय.

माझं मत विचारशील तर नोकताचं सिम्प्लेक्स घे, नाहीतर माइनलॅबचं व्हँक्विश 440. दोन्ही साधारण दोनशे ते तीनशे पौंडांच्या घरात मिळतात. सिम्प्लेक्स अख्खं पाण्यात गेलं तरी चालतं, म्हणजे इथल्या पावसात टेन्शन नाही. व्हँक्विशची फक्त कॉइल पाण्याला चालते, पण ते एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सीवर चालतं, त्यामुळे समुद्रकाठच्या ओल्या खारट वाळूत ते बरं. तू पीटरबरोला, समुद्र लांब, मग सिम्प्लेक्सच. गॅरेटचं जुनं एस 250 सेकंडहँड स्वस्तात मिळेल, मशीन दणकट आहे, पण 6.5 किलोहर्ट्झवर चालतं, जाड तांब्याला मस्त आणि असल्या कापलेल्या पावल्यांना जरा बहिरं. तुझ्या लिंकमधलं एक्सपी ड्यूस टू वाईट नाहीये रे, जबरदस्त आहे, पण त्याची सेटिंग शिकेपर्यंत तुझा सीझन संपेल. उरलेल्या पैशात पिनपॉइंटर घे, म्हणजे नाणं नेमकं कुठे आहे ते दाखवणारी हातातली छोटी कांडी, तो नसला तर खड्ड्याशेजारच्या मातीच्या ढिगात नाणं हातात घेऊन परत टाकशील आणि कळणार पण नाही. आणि चांगलं फावडं. बागेतलं खुरपं आणू नको, मी पहिल्याच दिवशी वाकवलंय.

मशीन भारी पाहिजे असं काही नसतं. 2009 मध्ये स्टॅफर्डशायरला शेतात पुरलेलं ते जुनं सोनं ज्याला सापडलं त्याचं मशीन 14 वर्षं जुनं होतं. आणि इथून, नॉर्विचहून, तासाभराच्या आत हॉक्सन गाव आहे, तिथे 1992 च्या नोव्हेंबरमध्ये एरिक लॉज नावाचे गृहस्थ शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला गेले आणि रोमन काळातली चौदा हजारांवर नाणी सापडली. भारी काय तर त्यांनी थोडं काढून खणायचं थांबवलं आणि कळवलं, म्हणून सगळं जागच्या जागी नीट काढता आलं. तो हातोडा पण ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

कठीण काम वेगळंच आहे, परवानगी. इथे प्रत्येक शेताला मालक आहे आणि त्याच्या होकाराशिवाय पाऊल टाकायचं नाही. मी वीसेक शेतकऱ्यांना पत्रं टाकली, दोघांनी उत्तर दिलं, एकाने हो म्हटलं आणि ते शेत निघालं ग्रीन वेस्टवालं, म्हणजे शहरातल्या कचऱ्याचं खत टाकलेलं, पावलापावलाला ॲल्युमिनियमचे तुकडे, दिवसभर मशीन किंचाळत होतं. तुझ्याजवळ ए-वन हायवेच्या कडेला वॉटर न्यूटनला रोमन गाव आहे, तिकडे फिरकू पण नको, ती संरक्षित जागा आहे, परवानगीशिवाय मशीन नुसतं फिरवलंस तरी गुन्हा. म्हणून आधी क्लब, त्यांच्याकडे शेतं पण असतात आणि विमा पण मिळतो. तीनशे वर्षांहून जुनी सोन्याचांदीची दोन नाणी एकाच ठिकाणी मिळाली तर 1996 च्या ट्रेझर ॲक्टखाली 14 दिवसांत कळवायचं, बाकी एकेकटं नाणं पण तिथल्या फाइंड्स ऑफिसरला दाखव, ते फुकटात ओळखून नोंद करतात.

आणि शेवटी जे लिहिलंयस ना, की दिवाळीत मशीन नाशिकला नेऊ आणि गडाच्या पायथ्याला शिवराई शोधू, ते डोक्यातून काढ. मलाही मोह होतो, 'श्री राजा शिव' अक्षरं मातीतून वर येताना बघायची कुणाला इच्छा नाही. पण 1878 चा कायदा आहे, जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, आणि संरक्षित किल्ल्यावर खणणं तर सरळ गुन्हा. शिवाय आपला काळा दगड मशीनला छळतो, बेसॉल्टमध्ये लोहखनिज भरपूर, ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीच्या स्वतःच्या आवाजाकडे दुर्लक्ष करायला मशीनला शिकवणं, ते न करता चाललास तर नाणं नसताना पण बोंब. 2025 च्या मार्चमध्ये बऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याला लोकं सिनेमा बघून रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन शेतं खणत होती, व्हिडिओ बघितलास का, ज्याचं शेत त्याचं काय झालं असेल.

तर घाई करू नको. ऑगस्टअखेर इकडे गहू कापला की पेरणीपर्यंत धसकटात फिरता येतं. पहिल्या शनिवारी ये, पीटरबरोहून नॉर्विचला थेट ट्रेन आहे, दीड तास. माझं जुनं मशीन तुला देतो, दिवसभर फिरव, मग ठरव काय घ्यायचं ते. वेलिंग्टन बूट घेऊन ये, माझे तुला होणार नाहीत. आणि मावशींनी पाठवलेला चिवडा संपवला नसशील तर थोडा आण, शेतात बांधावर बसून खाऊ.

तुझा,
उम्या