कंपन्यांनी हिशेब ग्रामसभेतही वाचावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संयुक्त राष्ट्रांच्या १९३ सदस्य देशांनी २०१५ मध्ये शाश्वत विकासाची १७ उद्दिष्टे ठरवली, मुदत २०३० ची. आता कंपन्या, बँका, संस्था या उद्दिष्टांना बांधील असल्याचे जाहीर करतात. आमच्याकडे पारावर याला सरसकट ‘देखावा’ म्हणतात. मला ते पटत नाही.

कायद्याचा रेटा आहेच. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनेही २०२२-२३ पासून बाजारातल्या सर्वांत मोठ्या १,००० कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. पण कंपन्या बांधील होण्याचे खरे कारण आमच्या वावरात आहे. जमिनीचा कस गेला, विहिरी आटल्या, गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तर सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या येणार कुठून? शिवाय परदेशातला खरेदीदार विचारतो, कापूस पिकवताना फवारणाऱ्या मजुराची काळजी घेतली का? २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. हा प्रश्न कुणीही विचारो, आम्हाला तो हवाच आहे.

एका कंपनीच्या अशाच उपक्रमातून आमच्या गावात कामगंध सापळे (गंधाने बोंडअळीचे नर पतंग ओढणारे) आले, हातमोजे आले. सलग ३ रात्री एकेका सापळ्यात ८-८ पतंग सापडले की फवारणीची वेळ झाली, हे शेतीशाळेत बायाबापड्याही शिकल्या. पूर्वी कृषी केंद्रवाला देईल ते औषध मारले जायचे. डिसेंबरनंतर फरदड, म्हणजे जुनेच कापसाचे पीक पुढे, ठेवू नका, हेही आता बरेच जण ऐकतात.

दुसऱ्या एका कंपनीने मात्र शाळेजवळ पाणी शुद्धीकरण यंत्र बसवले आणि फिरकून पाहिले नाही. आतली जाळी बदलायला माणूस नाही, यंत्र बंद. ऐन मे महिन्यात पोरे त्याच्यासमोरून घागरी वाहतात. फलकावर मात्र सहाव्या, म्हणजे स्वच्छ पाण्याच्या उद्दिष्टाचे निळे चिन्ह आहे.

म्हणून एक मागणी. ग्रामपंचायतीचा विकास आराखडाही आता याच उद्दिष्टांवर बेतलेल्या ९ संकल्पनांनुसार होतो. आराखड्याच्या ग्रामसभेत प्रत्येक कंपनीने त्या गावापुरता हिशेब मराठीत वाचावा: काय दिले, आज चालू आहे का, दुरुस्ती कोण करणार. जिल्हा परिषदेने तसे पत्र काढावे, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी (पूर्वीचे ग्रामसेवक) त्या दिवशीचे प्रश्न इतिवृत्तात लिहावेत.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ