खुन्याला चार कॉलम, त्यांना एक ओळ

महोदय,
रविवारच्या पुरवणीत हाँगकाँगच्या लाम कोर-वान या टॅक्सीचालक खुन्यावरचा लेख वाचला. रात्रपाळीला टॅक्सी चालवायची, एकट्या बाईला गाडीत घ्यायचे आणि गळा आवळायचा. १९८२ मध्ये त्याने अशा चौघींचा जीव घेतला. घर माणसांनी भरलेले, तरी कुणाला पत्ता नाही! लेखात त्याच्या मनोविकृतीवर रकानेच्या रकाने खर्ची पडले आहेत. पण तो सापडला कसा? मृतदेहांचे फोटो काढून त्याने फिल्म धुवायला टाकली. दुकानातल्यांना ते खटकले, त्यांनी पोलिसांना कळवले आणि ऑगस्टमध्ये तो प्रिंट न्यायला आला तेव्हा तिथेच त्याला धरले. ‘गिऱ्हाइकाचे फोटो, आपल्याला काय करायचेय’ म्हणत त्यांनी पाकीट बंद केले असते तर? (पुढे त्याला फाशी सुनावली, पण तिथल्या तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे तिची जन्मठेप झाली.) दुकानातल्या या माणसांच्या वाट्याला लेखात जेमतेम एक ओळ आली, खुन्याचा फोटो मात्र चार कॉलमी. पुढच्या वेळी हे प्रमाण उलटे करता आले तर जरूर बघावे.

– एक वाचक, डोंबिवली