साहेब, शनिवार-रविवारी टाऊन हॉल रात्री नऊपर्यंत उघडा ठेवा

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : कोल्हापुरातील शासकीय संग्रहालयांची सुट्टीच्या दिवसांची वेळ बदलण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

शनिवारी सकाळी बिंदू चौकातल्या पार्किंगला पुण्या-मुंबईच्या, बेळगाव-सोलापूरच्या गाड्या लागलेल्या असतात. आलेली माणसं अंबाबाईचं दर्शन घेतात, मिसळ खातात, चप्पल आणि गूळ घेतात, दुपारी तांबडा-पांढरा ओरपतात, संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारून परतीला लागतात. यातल्या कशालाच माझी हरकत नाही. मी शाळेत चित्रकला शिकवतो आणि घरी पाहुणे आले की त्यांना घेऊन मीही असाच हिंडतो. माझं मागणं एवढंच, की या दिवसात आपल्या खात्याच्या संग्रहालयालाही जागा व्हावी. ती करून देणं आपल्या हातात आहे.

सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोरच्या बागेत टाऊन हॉल उभा आहे, आपल्या खात्याचं संग्रहालय आहे ते याच इमारतीत. नवा राजवाडा ज्यांनी रेखला त्या मेजर मँट यांचंच हे काम. दवाखान्यात माणूस भरती असलेले नातेवाईक दुपारी याच बागेत झाडाखाली डबा सोडून बसतात. त्यांच्यापासून चार पावलांवर, त्या दगडी कमानींच्या आत, दोन हजार वर्षांपूर्वीचं कोल्हापूर ठेवलेलं आहे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं आणि सातवाहनांच्या काळातली वस्ती उजेडात आली. याच ब्रह्मपुरीनं दिलेल्या कांस्य वस्तूंत पोसायडनची, म्हणजे ग्रीकांच्या समुद्रदेवाची, एक मूर्ती आहे. हातात सहज मावेल एवढीच, पण अंग पिळदार आणि ओतकाम फार सफाईचं. तालमीत जाणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांना ही मूर्ती सांगायला लागलो की ते आधी तिचे खांदे बघतात. मग विचारतात, ‘सर, समुद्राचा देव हितं कसा आला?’ तिथून मला रोमन व्यापार, कोकणातली बंदरं, घाटवाटा आणि बैलांचे तांडे असं सगळं सांगता येतं. पुस्तकातला धडा इतका कधी रंगत नाही.

आता मिसळीकडे येतो, कारण माझ्या लेखी या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. कोल्हापूर म्हटलं की लोकांना तिखट आठवतं. पण मिरची पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आली ती सोळाव्या शतकात. म्हणजे ब्रह्मपुरीवर पोसायडन आला तेव्हा इथल्या कुठल्याच चुलीवर मिरची नव्हती. ज्या तर्रीला आपण गावाची ओळख म्हणतो, तिच्याहून ती मूर्ती हजारभर वर्षांनी तरी जुनी. मोड आलेली मटकी, शेव, वरून लालभडक कट आणि बाजूला स्लाइस पाव अशी प्लेट संपवून जो माणूस तासाभरात त्या मूर्तीसमोर उभा राहतो, त्याला हे सांगून बघावं. घाम पुसता पुसता तो पुढच्या कपाटाकडे वळतो. पांढऱ्या रश्श्याचंही तेच. मटणाचं अळणी, नारळाचं दूध, खसखस, खडा मसाला. लाल तिखटाचा कण नाही. हा रस्सा वाटीनं पिताना मला नेहमी वाटतं की तिखटापलीकडचं कोल्हापूर या वाटीत जास्त आहे.

अडचण आहे ती वेळेची. आपली संग्रहालयं कचेरीच्या वेळेनं चालतात. बाहेरगावचा माणूस सकाळी दर्शनाच्या रांगेत असतो. जेवून उठेपर्यंत तीन वाजतात, मग जरा पडावंसं वाटतं. तो मोकळा होतो सहाला, आणि तेव्हा आपली दारं बंद असतात. खाऊगल्ली उघडी, खासबागेतली भेळ उघडी, गंगावेशीत रात्री म्हशीचं धारोष्ण दूध मिळतं. गावाचा इतिहास तेवढा सहाच्या आत झोपलेला. नोकरी-धंदा करणाऱ्या कोल्हापूरकराचं याहून वेगळं नाही. त्याला मुलांना घेऊन निघायला रविवारची संध्याकाळच सापडते.

म्हणून विनंती अशी : शनिवारी आणि रविवारी टाऊन हॉल संग्रहालय दुपारी एक ते रात्री नऊ असं चालवावं. तास जवळपास तेवढेच राहतील, पाळी फक्त पुढे सरकेल. कर्मचाऱ्यांना उशिराचा भत्ता द्यावा, बागेत दिवे वाढवावेत, रात्रीचा एक पहारेकरी जास्त द्यावा. राजारामपुरीत अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांनी आपलं राहतं घर आणि चित्रं शासनाला दिली, तेही संग्रहालय याच वेळेत बसवावं. पावडर शेडिंगची, म्हणजे कोरड्या रंगाच्या पुडीनं छटा दिलेली, ती चित्रं बघायला दूरवरून यावं अशी आहेत, आणि त्याच राजारामपुरीत जेवायला येणाऱ्या किती जणांना ती माहीत असतील, याची मला काळजी वाटते.

दुसरं मागणं पाट्यांचं. मूर्तीखाली नाव आणि शतक एवढंच लिहून भागत नाही. ती कुठे सापडली, इथवर कशी आली असावी, हे पाच-सहा ओळींत, साध्या मराठीत, आजीला चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरात लिहा. चित्रकार आबालाल रहिमान यांच्या चित्राशेजारी एवढं जरी लिहिलं की त्यांनी चितारलेला संध्यामठ इथून थोड्या अंतरावर रंकाळ्यात आजही उभा आहे, तरी लोक तिथून थेट तळ्यावर जातील आणि पाण्यावरचा उजेड चित्रकाराच्या नजरेनं बघतील.

लोकांना याची आवड नाही, असं कुणी आपल्याला सांगितलं तर कृपया मानू नका. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं तेव्हा रस्त्यावर उभी राहून रडलेली माणसं याच गावची आहेत. जळून गेल्यावर रडणाऱ्यांना, शाबूत आहे ते बघायची सोय हवी आहे.

येत्या दिवाळीच्या सुट्टीत महिनाभर प्रयोग म्हणून हे सुरू करावं. आलेल्यांची नोंद ठेवावी आणि पुढचा निर्णय त्यावर घ्यावा. माझे वरच्या वर्गातले विद्यार्थी आणि मी शनिवार-रविवारी संध्याकाळी माहिती सांगायला विनामोबदला येऊ. कोणत्या दालनात कुणी उभं राहायचं तेवढं अभिरक्षक साहेबांनी आम्हाला आधी कळवावं, म्हणजे मुलांची तयारी करून घेता येईल.

आपला नम्र,
एक कलाशिक्षक, कोल्हापूर