कॉन्फिगर अडतंय ते मशीनमुळे नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

हल्ली कॉलेजच्या लॅबमधे रास्पबेरी पाय (एआरएम प्रोसेसरवर चालणारे छोटे कॉम्प्युटर) सर्रास दिसतात आणि त्यासोबत एक रडगाणंही, की जुनं सॉफ्टवेअर सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, बिल्ड करायला घेतलं की कॉन्फिगर ही बिल्डची तयारी करणारी स्क्रिप्ट पहिल्याच मिनिटाला अडते. आमच्याकडेही तेच झालं. २००८ सालची टारबॉल (सगळा सोर्स एकत्र बांधलेली फाइल), पोरांनी कॉन्फिगर चालवलं आणि स्क्रीनवर ‘कॅनॉट गेस बिल्ड टाइप’. एकाला वाटलं एसडी कार्ड गेलं, त्याने नवीन फ्लॅश करायला घेतलं, गेला ना तास त्यात.

अहो कार्ड धड, पायही धड. टारबॉलमधे कॉन्फिग.गेस नावाची स्क्रिप्ट असते, ती युनेम या कमांडला विचारते हे मशीन कुठलं आणि आलेलं उत्तर आपल्या यादीत शोधते. ६४ बिट पायवर उत्तर येतं एआर्क६४. एआरएमने ते आर्किटेक्चरच २०११ ला जाहीर केलं, मग २००८ च्या स्क्रिप्टला ते नाव कुठून माहीत असणार? फाइल उघडली की वरतीच टाइमस्टॅम्प दिसतो, तो आधी बघत जा.

सगळे सांगतात की कॉन्फिगरला --बिल्ड लावून मशीनचं नाव हाताने देऊन टाका. दिलं. पण ते नाव तपासायला कॉन्फिग.सब ही दुसरी फाइल बसलेली, तीही तेवढीच जुनी, तिने ‘नॉट रेकग्नाइज्ड’ म्हणून परत पाठवलं. मग एका हुशाराने चक्क आय६८६ हे इंटेल मशीनचं नाव ठोकून दिलं! कॉन्फिगर गुपचूप पुढे गेलं आणि मेकने, म्हणजे प्रत्यक्ष बिल्ड करणाऱ्या कमांडने, इंटेलच्या असेंब्ली फाइलवर मान टाकली.

उपाय साधा आहे. डेबियन लिनक्स किंवा पायच्या ओएसवर ऑटोटूल्स-डेव्ह पॅकेज टाकलं की /यूएसआर/शेअर/मिस्क मधे या दोन्ही फायली ताज्या मिळतात, त्या जुन्यांवर कॉपी करायच्या. दोन्ही बरं का, एकच बदलली तर दुसरी अडवते. कधीकधी आतल्या फोल्डरांतही प्रती दडलेल्या असतात, फाइंड कमांड मारून सगळ्या बदला. आमचं बिल्ड त्यानंतर चहा संपायच्या आत झालं.

प्रॅक्टिकलचं मटेरियल वाटणाऱ्यांना एवढंच सांगणं, की टारबॉल सर्व्हरवर चढवायच्या आधी या दोन फायली बदला, आणि मॅन्युअलमधे ‘फक्त इंटेल पीसीवर चालेल’ असं जे छापलंय ते काढून टाका.

एक लॅब असिस्टंट, सोलापूर