शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंना

आदरणीय काकू,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर. मुंबईत एनसीपीएच्या जमशेद भाभा थिएटरात द्वोर्झाक या चेक संगीतकाराच्या चेलो कन्चर्टोला (म्हणजे एकटा चेलो, ते मोठ्या व्हायोलिनसारखं वाद्य, आणि सोबत अख्खा ऑर्केस्ट्रा) तुमच्या शेजारी डोंबिवलीची एक मुलगी सारखी चुळबुळ करत होती, आठवतं? ती मी.

मैत्रिणीला ताप आला, म्हणून तिचं तिकीट माझ्याकडे आलेलं. माझा कान सगळा ख्यालावर पोसलेला. ऑर्केस्ट्रा सुरू होऊन तीनेक मिनिटं झाली तरी चेलोवादक नुसता बसून! तुम्ही कुजबुजलात, "येईल गं, घाई काय आहे?" पहिला भाग संपताच मी टाळीला हात उचलले, तर तुम्ही माझं मनगटच धरलंत; टाळ्या सगळे भाग संपल्यावरच वाजवायच्या असतात. माझी लाज राखलीत.

पण खरे आभार मध्यंतरातल्या गप्पांचे. शेवटाबद्दल मी कुरकुरले होते. आमच्याकडे द्रुत लयीत ताना, मग तिहाई आणि टाळ्या. इथे सगळं मंदावतच गेलं, एक व्हायोलिन चेलोच्या सोबतीला आलं, चेलो जवळजवळ विझला आणि मग ऑर्केस्ट्राने घाईघाईने गाशा गुंडाळला. तुम्ही हसलात आणि योसेफिनाची गोष्ट सांगितलीत. द्वोर्झाकची मेव्हणी, तरुणपणी तिच्यावरच त्याचा जीव जडला होता. न्यूयॉर्कमध्ये हा कन्चर्टो लिहिताना ती आजारी असल्याचं कळलं, तेव्हा तिच्या आवडत्या गाण्याची सुरावट त्याने दुसऱ्या भागात गुंफली. तो मायदेशी परतल्यावर 1895 च्या मे महिन्यात ती गेली, आणि त्याने शेवट पुन्हा लिहिला. ते व्हायोलिन म्हणत होतं ते तिचंच गाणं. ज्याच्यासाठी हे लिहिलं त्या विहान नावाच्या चेलोवादकाने तिथे स्वतःची तयारी दाखवायला जागा मागितली, तर द्वोर्झाकने साफ नाही म्हटलं.

मध्यंतरानंतरची सिंफनी मी धड ऐकलीच नाही, हे कबूल करते. परतीच्या लोकलमध्ये इअरफोन लावून तो शेवट चार वेळा ऐकला. मुंब्र्याच्या बोगद्यात रेंज गेली, तेव्हा चिडले.

कार्यक्रमपत्रिकेच्या कोपऱ्यात तुम्ही योसेफिनाच्या त्या गाण्याचा पत्ता लिहून दिलेला, 'ओपस (रचना क्रमांक) 82, पहिलं गाणं', ते शोधून काढलं. तुमची पेन्सिल मात्र माझ्याकडेच राहिली आहे. पुढच्या मैफलीला घेऊन येते.

तुमची,
डोंबिवलीची चुळबुळी