तपासणी रविवारी दुपारी करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बौद्धिक दिव्यांग प्रौढांनी मोठ्या संस्थेत न राहता वस्तीतल्या साध्या घरात, गरजेपुरत्या मदतनिसांच्या आधाराने राहावं, हे आता कुणाला फारसं पटवून द्यावं लागत नाही. कुठे आणि कुणासोबत राहायचं हे इतरांसारखंच त्यांनीही ठरवावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारातलं कलम १९ सांगतं. घोडं अडतं ते त्यापुढे. घर मिळालं, माणसं नेमली. आता तिथे बरं चाललंय की नाही हे ओळखायचं कशावरून?

सध्या ते फायलींवरून ओळखलं जातं. माझा धाकटा भाऊ अशाच एका घरात राहतो आणि गेले की मी तिथली रोजची नोंदवही चाळते. ‘नाश्ता केला. मूड चांगला. टीव्ही पाहिला. जेवण व्यवस्थित. झोप शांत.’ पानामागून पान हेच. सकाळपासून रात्रीपर्यंतच्या नोंदी एकाच पेनाने, एका दमात लिहिलेल्या. (रात्रीची शांत झोप संध्याकाळीच लिहून झालेली असते, हेही मी पाहिलंय.) त्यात त्याने स्वतः काय केलं, हे मात्र कुठेच सापडत नाही. त्याला कपडे मशीनमध्ये टाकता येतात, बटण दाबता येतं. पावडर किती, एवढंच कुणीतरी शेजारी उभं राहून सांगावं लागतं. त्यात वेळ जातो. मग मदतनीस ते काम स्वतःच झटपट उरकतात आणि तो सोफ्यावर बसून राहतो. कपडे स्वच्छ, वही पूर्ण, तक्रारीला जागा नाही.

मदतनिसांवर मी चिडत नाही. पगार तुटपुंजा, ड्यूटीला ड्यूटी जोडलेली, आणि शिकवलेलं काय, तर आग विझवण्याचं यंत्र कसं चालवायचं आणि फॉर्म कसे भरायचे. खरं तर शिकवण्यासारखं पुष्कळ आहे. इंग्लंडमध्ये जिम मॅन्सेल या संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अ‍ॅक्टिव्ह सपोर्ट’ या पद्धतीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. काम माणसासाठी करायचं नाही, त्याच्याबरोबर करायचं. कामाचे लहान टप्पे पाडायचे आणि तो अडेल तिथेच हात लावायचा. नुसती माणसं वाढवून रहिवाशांचा सहभाग वाढत नाही, मदतनीस मदत कशी करतात यावर तो ठरतो, असं या अभ्यासांत दिसलं. त्यासाठी ऑफिसात बसून रोस्टर लावणारा नव्हे, तर शेजारी उभं राहून दाखवणारा सुपरवायझर लागतो.

माणसं टिकणं हाही सोयीचा प्रश्न नाही, जिवाचा आहे. ज्याला बोलून सांगता येत नाही त्याची दाढ दुखली किंवा पोट साफ झालं नाही, तर तो ओरडेल, डोकं आपटेल. वर्षानुवर्षं सोबत असलेली बाई लगेच म्हणेल, ‘याला काहीतरी दुखतंय.’ गेल्या आठवड्यात आलेला मुलगा वहीत ‘आक्रमक’ लिहील आणि डॉक्टरांच्या पुढच्या भेटीत गोळी सुरू होईल. इंग्लंडमध्ये ३० ते ३५ हजार बौद्धिक दिव्यांग प्रौढांना योग्य वैद्यकीय कारण नसताना मनोविकारावरची औषधं दिली जात असल्याचा अंदाज २०१५ साली तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेनेच मांडला. पुढच्या वर्षी ती कमी करण्याची मोहीम सुरू झाली. आकडा निघाला तो तिथे कुणी तरी मोजलं म्हणून.

नियामक असला की झालं, असंही नाही. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक दिव्यांग रुग्णांचा छळ होत होता. तिथल्याच एका वरिष्ठ परिचारकाने आधी तक्रार केली होती. तिची दखल नियामकानेही घेतली नाही. २०११ मध्ये बीबीसीने छुप्या कॅमेऱ्याने चित्रण दाखवलं तेव्हा दार बंद झालं आणि ११ कर्मचाऱ्यांना शिक्षा झाली.

नातेवाईक का बोलत नाहीत, असं विचारणाऱ्यांना एकच सांगते. घर आणि सेवा एकाच संस्थेच्या हातात असेल, तर तक्रार करणं म्हणजे भावाच्या डोक्यावरचं छप्पर पणाला लावणं. भाडेकरार रहिवाशाच्या नावावर आणि सेवेचा करार वेगळा असला पाहिजे, म्हणजे मदतनीस बदलला तरी घर सुटणार नाही. या राहणीची मूळ कल्पना तीच आहे आणि व्यवहारात सगळ्यात आधी तीच गुंडाळून ठेवली जाते.

म्हणून तपासणी अधिकाऱ्यांना विनंती, की कळवून, सकाळी अकराला, चहा-बिस्किटांच्या वेळी येऊ नका. रविवारी दुपारी या आणि फाइल न मागता दोन तास नुसते बसा. कोण काय करतंय, रहिवाशाशी कोण बोलतंय आणि त्याच्या डोक्यावरून आपापसात कोण बोलतंय, ते बघा. मदतनिसाला विचारा, याला काय आवडत नाही? आणि वर्षभरात किती मदतनीस सोडून गेले, तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर छापा.

आपली,
एक वाचक